भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (जन्म : औंध, २४ ऑक्टोबर १८६८; मृत्यू : १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार, लेखक आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. १९०९ ते १९४८ या काळात त्यांनी संस्थानचा कारभार पाहिला. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील दोन महत्त्वाच्या वसाहती, आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी आणि सातारा जिल्ह्यातील कराडजवळची ओगलेवाडी, त्यांच्या आश्रयाने उभ्या राहिल्या. पहिलीत लोखंडी नांगर तयार झाले, दुसरीत काच. १९३९ मध्ये त्यांनी आपली राजसत्ता स्वेच्छेने प्रजेच्या हाती सोपवली. संस्थानिकांच्या इतिहासात ही घटना विरळा आहे.

प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राबरोबरच त्यांच्या काळातील काचनिर्मितीचा आणि घराच्या दारे-खिडक्यांना लागणाऱ्या काचेचा परिचय करून दिला आहे.

घराणे आणि शिक्षण

पंतप्रतिनिधी घराण्याचे मूळ गाव कोरेगावजवळील किन्हई. किन्हईचे परशुराम त्रिंबक यांना छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधिपद मिळाले आणि पुढे ते या घराण्यात वंशपरंपरेने चालत राहिले. मराठेशाहीच्या अस्तानंतर घराण्याकडे औंध हे लहानसे संस्थान उरले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल असून त्यात ७२ गावे होती. हा मुलूख सलग नव्हता. औंध, कुंडल व आटपाडी हे भाग एकमेकांपासून दूर होते आणि गुणदाळचा भाग तर थेट विजापूरकडे होता. मधली गावे इंग्रजी हद्दीत किंवा दुसऱ्या संस्थानांत मोडत. मुलुखाचा बराचसा भाग अवर्षणप्रवण असल्यामुळे संस्थानचे उत्पन्न बेताचेच होते.

बाळासाहेब हे श्रीनिवासराव परशुराम यांचे पुत्र. त्यांनी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून बी. ए. ची पदवी मिळवली. संस्थानिकांच्या मुलांनी पदवीपर्यंत शिकण्याची त्या काळी फारशी प्रथा नव्हती. चित्रकलेचा नाद त्यांना लहानपणापासून होता व तो अखेरपर्यंत टिकला. पदवीनंतर वडिलांच्या हाताखाली काम करून त्यांनी कारभाराचा अनुभव घेतला.

१९०१ मध्ये श्रीनिवासरावांचे निधन झाले. त्यानंतर बाळासाहेबांचे बंधू परशुरामपंत व त्यांच्यामागून पुतणे गोपाळकृष्ण गादीवर आले. १९०९ मध्ये इंग्रज सरकारने गोपाळकृष्णांना पदच्युत केले आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी बाळासाहेब औंधचे अधिपती झाले. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते. शिक्षण, कारभाराचा अनुभव व प्रवास या तिन्हींची शिदोरी त्यांच्याजवळ होती. तिजोरीत मात्र फारसे काही नव्हते.

कुंडल रोडचे माळरान

राज्यारोहणानंतर काही महिन्यांतच बाळासाहेबांनी घेतलेला एक निर्णय दूरगामी ठरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा नांगर व कडबा कापण्याच्या यंत्रांचा कारखाना त्या काळी बेळगावात होता. नगरपालिकेच्या योजनेमुळे त्यांना ती जागा सोडावी लागणार होती. औंध येथील एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा बाळासाहेबांशी परिचय झालेला होता. त्यांची अडचण कळताच बाळासाहेबांनी संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जागा आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले.

ही जागा म्हणजे निवडुंग माजलेला, सापांनी भरलेला ओसाड माळ होता. जवळपास ना पाणी होते, ना कारागीर. तथापि पुणे-मिरज लोहमार्ग शेजारून जात होता आणि जड माल आणण्या-नेण्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते. १० मार्च १९१० रोजी या माळावर कामाला प्रारंभ झाला. कारखान्याभोवती कामगारांची घरे, शाळा, दवाखाना व बागा उभ्या राहिल्या आणि वसाहतीला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. पुढे रेल्वे स्थानकाचे नावही तेच झाले. आज कुंडल, पलूस व रामानंदनगर या परिसरात जी औद्योगिक वस्ती दिसते, तिचा आरंभ या ३२ एकरांपासून झाला.

लहान संस्थानच्या तिजोरीतून १०,००० रुपये काढणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. माळ ओसाड ठेवला असता तर त्याचा सारा शून्यच राहिला असता. माळावर माणसे कामाला लागली तर दहा वर्षांनी संस्थानचे रूप पालटेल, असा हिशेब या निर्णयामागे होता आणि तो खरा ठरला. हाच हिशेब त्यांनी काचेच्या बाबतीतही केला.

काच उद्योगास आश्रय

विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात वापरली जाणारी बहुतेक काच परदेशी असे. बांगड्या, बाटल्या, दिव्यांच्या चिमण्या, हंड्या-झुंबरे, आरसे आणि खिडक्यांची तावदाने ऑस्ट्रिया, जर्मनी व बेल्जियम या देशांतून येत. काचेला लागणारी वाळू व चुनखडी आपल्याकडे होती. उणीव होती ती तंत्राची आणि भांडवलाची.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला संघटित प्रयत्न पैसा फंडाने केला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेत काचेचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तेथे मार्गदर्शक होते. तळेगावचा कारखाना हा कारखान्याइतकाच शाळाही होता. तेथे शिकलेले तरुण पुढे देशात ठिकठिकाणी गेले व त्यांनी नव्या भट्ट्या पेटवल्या.

अशा तरुणांपैकी श्रीपाद प्रभाकर ओगले यांनी आपल्या बंधूंसह १९१६ मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कराड रेल्वे स्थानकाजवळ ओगले काच कारखाना स्थापन केला. त्यास बाळासाहेबांचा आश्रय लाभला. काळ मोठा अनुकूल होता. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटल्यामुळे ऑस्ट्रिया व जर्मनीतून येणारा माल थांबला होता. दिव्याची चिमणी फुटली तर नवी मिळणे अवघड झाले होते. कारखान्याभोवती जी वस्ती झाली तिला ओगलेवाडी हे नाव मिळाले. किर्लोस्करवाडी व ओगलेवाडी ही दोन्ही ठिकाणे एकाच लोहमार्गावर आहेत. दगडी कोळसा दुरून आणायचा आणि फुटणारा माल दूरवर धाडायचा, तर बैलगाडीपेक्षा आगगाडी बरी, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते.

युद्ध संपल्यावर परदेशी माल पुन्हा येऊ लागला. जपानी काचसामान तर फारच स्वस्त होते. स्वदेशीच्या भावनेवर सुरू झालेले अनेक कारखाने या स्पर्धेत बंद पडले. ओगले बंधू टिकले, कारण त्यांनी नुसती चिमणी विकण्याऐवजी संपूर्ण कंदील तयार करण्याचे ठरवले. वडिलांच्या नावावरून या कंदिलाला प्रभाकर हे नाव देण्यात आले. प्रभाकर म्हणजे सूर्य, त्यामुळे हे नाव दिव्यालाही शोभले. अमेरिकन व जर्मन कंदिलांशी स्पर्धा करत प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला. वीज येण्यापूर्वीच्या महाराष्ट्रात गोठ्यात, ओसरीवर, शेताच्या बांधावर आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या पुस्तकांशेजारी हा कंदील असे. मराठी माणसांच्या दोन-तीन पिढ्यांचा अभ्यास त्याच्या उजेडात झाला.

कंदिलाची काच आणि खिडकीची काच

ओगलेवाडीचे नाव झाले ते चिमण्या व कंदिलांमुळे, तावदानांमुळे नव्हे. याचे कारण समजण्यासाठी काचेचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. दोन्हींचा कच्चा माल एकच असतो. वाळू, सोडा व चुनखडी यांचे मिश्रण आणि त्यात फुटक्या काचेचा चुरा घालून ते सुमारे १,५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की त्याचा दाट रस होतो. फरक पडतो तो पुढच्या क्रियेत.

चिमणी, बाटली किंवा हंडी ही पोकळ काच होय. कारागीर लांब लोखंडी नळीच्या टोकाला रसाचा गोळा घेतो, तो साच्यात धरतो व फुंकून त्याला आकार देतो. त्यानंतर वस्तू हळूहळू थंड करावी लागते. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. ती घाईने केली तर काचेत ताण राहतो आणि दिवा लावताच किंवा पाण्याचा थेंब पडताच चिमणी तडकते. देशी चिमणीवरचा विश्वास सर्वस्वी या एका गोष्टीवर अवलंबून होता. चिमणीचे काम केवळ वारा अडवण्याचे नसते. तिच्यामुळे ज्योतीला खालून हवेचा ओढ मिळतो, तेल नीट जळते, काजळी कमी धरते व उजेड वाढतो.

तावदान ही सपाट काच होय आणि ती करणे अधिक कठीण असते. फुंकून केलेली वस्तू गोल होते, सपाट होत नाही. जुन्या पद्धतीत काचेचे मोठे नळकांडे फुंकून तयार करत, ते उभे चिरत व पुन्हा तापवून उलगडत. अशा काचेत लहरी व बुडबुडे राहत. जुन्या वाड्यांच्या खिडकीतून पाहताना समोरचे झाड किंचित हलल्यासारखे दिसते, त्याचे कारण हेच. आरसे व दुकानांची दर्शनी दारे यांसाठी जाड काच ओतून, घासून व चकाकी देऊन तयार करत. ती इतकी महाग पडे की सामान्य घरात तिचा वापर नसे. बेल्जियममधील एमिल फूर्को यांनी काचेचा रस सरळ वर ओढून त्याचा सलग पत्रा करण्याची यांत्रिक पद्धत शोधली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती वापरात आली. अशा यंत्राला मोठे भांडवल व रात्रंदिवस पेटती भट्टी लागे. छोट्या संस्थानातील नव्या कारखान्याला ते परवडण्याजोगे नव्हते. भारतात सपाट काच यंत्रावर करण्याचा मान संयुक्त प्रांतातील बहजोई येथील कारखान्याकडे जातो. तो उभारणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे तळेगावातूनच तेथे गेले होते.

यामुळे बाळासाहेबांच्या काळात खेड्यातील घराच्या खिडकीला बहुधा लाकडी झडपा व लोखंडी गज असत. तावदाने वाड्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत दिसत. दारावरच्या अर्धगोल झरोक्यात लाल, निळ्या, हिरव्या काचा बसवण्याची हौस सुखवस्तू घरांत होती.

खिडकीच्या काचेत खरी क्रांती झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. कलकत्त्यात जन्मलेले इंग्रज अभियंते अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगवून दोन्ही बाजूंनी गुळगुळीत पत्रा करण्याची पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. घासण्याची व चकाकी देण्याची गरजच उरली नाही. आज घराच्या दारे-खिडक्यांना वापरल्या जाणाऱ्या काचा बहुतांशी या तरंग-काचेपासूनच तयार होतात. त्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

साधी काच : खिडक्यांसाठी सामान्यतः ४ ते ६ मिलिमीटर जाडीची असते. ती स्वस्त असून हवी तशी कापता येते. फुटल्यास मात्र तिचे लांब, धारदार तुकडे होतात.

नक्षीची काच : रस नक्षीदार रुळांमधून काढून ही करतात. उजेड आत येतो, पण पलीकडचे स्पष्ट दिसत नाही. न्हाणीघराच्या खिडकीला ही किंवा दुधी काच लावतात. दुधी काच साध्या काचेवर वाळूचा मारा करून अथवा आम्लाने तिचा पृष्ठभाग खरखरीत करून मिळते.

तारेची काच : हिच्या आत लोखंडी तारेची जाळी असते. आगीत तडकली तरी ती काही काळ जागेवर राहते. जिन्यांच्या व कारखान्यांच्या खिडक्यांत ही आढळते.

टफन्ड काच : साधी काच ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केली की तिची ताकद चार-पाच पटींनी वाढते. फुटल्यास हिचे बोथट दाणे होतात, म्हणून काचेच्या दारांना ही योग्य ठरते. एकदा तयार झाल्यावर ती कापता वा छिद्रता येत नाही. त्यामुळे मापे आधीच नेमकी घ्यावी लागतात.

लॅमिनेटेड काच : दोन काचांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबून बसवतात. फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. उंचावरील खिडक्या, छतातील काचा आणि गॅलरीचे कठडे यांसाठी ही सुरक्षित समजली जाते.

चिमणीच्या बाबतीत जो ताण दोष ठरत होता, तोच ताण टफन्ड काचेत नेमकेपणाने निर्माण करून तिचे बळ वाढवले जाते, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

चित्रकला आणि वस्तुसंग्रहालय

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी काढलेल्या चित्रांचे चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांवर त्यांनी इंग्रजीत माहितीपर पुस्तके लिहिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे ठरवले, तेव्हा त्या प्रचंड प्रकल्पासाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली व त्यासाठी चित्रेही काढली. १९१९ मध्ये सुरू झालेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. ते पाहण्यास बाळासाहेब हयात नव्हते.

आयुष्यभर जमवलेला कलासंग्रह बाळासाहेबांनी वाड्यात बंद ठेवला नाही. औंध येथे यमाई देवीच्या डोंगरावर त्यांनी वस्तुसंग्रहालयाची स्वतंत्र इमारत बांधली आणि १९३८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. श्री भवानी वस्तुसंग्रहालय या नावाने ते ओळखले जाते. राजा रविवर्मा, महादेव विश्वनाथ धुरंधर आदी भारतीय चित्रकारांच्या कलाकृती, प्रसिद्ध पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, लाकडी व हस्तिदंती कोरीव काम आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक हे शिल्प ही येथील आकर्षणे होत.

इमारतीची रचना उजेडाचा विचार करून केलेली आहे. दालनांत वरून नैसर्गिक प्रकाश येतो. चित्रासमोर खिडकी असेल तर तिचे प्रतिबिंब चित्रावर पडते व रंग नीट दिसत नाहीत. उजेड वरून आला तर हा दोष टळतो. वीज नसलेल्या गावात चित्रे कशी दाखवावीत, हा प्रश्न चित्रकार असलेल्या राजाने अशा रीतीने सोडवला. खेड्यातील शेतकऱ्याला मूळ कलाकृती आपल्याच गावात पाहता येतील अशी सोय त्या काळी मोठ्या शहरांतही क्वचितच होती.

सूर्यनमस्कार आणि शिक्षण

तरुणपणी बाळासाहेबांनी सँडो या जर्मन मल्लाच्या पद्धतीचा व्यायाम काही वर्षे केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले व अखेरपर्यंत त्यांनी ते नियमाने घातले. या विषयावर त्यांनी मराठी व इंग्रजीत लेखन केले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या प्रकृतीचे कुतूहलाने वर्णन केले आणि सूर्यनमस्कारांची माहिती इंग्रज वाचकांपर्यंत पोहोचली. १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. या सक्तीविषयी मतभेद असू शकतात. पण राजा स्वतः जे करत नव्हता ते मुलांकडून करून घेत होता, असा आक्षेप मात्र कोणाला घेता आला नाही.

औंधच्या शाळांत बाहेरगावचे गरीब विद्यार्थीही शिकत. साने गुरुजींच्या विद्यार्थिदशेतील काही काळ औंधला गेला. कवी ग. दि. माडगूळकर यांचे शिक्षण आटपाडी, कुंडल व औंध येथे झाले. वेदाभ्यासक व चित्रकार श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना बाळासाहेबांनी औंधला आश्रय दिला. तेथे त्यांचे स्वाध्याय मंडळ सुमारे तीन दशके चालले. बाळासाहेब उत्तम कीर्तन करत. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी आत्मचरित्रही लिहिले आहे.

स्वराज्याचा प्रयोग

१९३८ मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी बाळासाहेबांनी प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्या काळी देशभर संस्थानी प्रजेच्या चळवळी सुरू होत्या आणि बहुतेक संस्थानिक त्या दडपण्याच्या मागे होते. औंधमध्ये उलट घडले. विलायतेहून शिकून आलेले पुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते यांचा या विचाराला पुढाकार होता. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटना तयार झाली व २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली.

या घटनेचा पाया गाव हा होता. प्रत्येक गावात लोकांनी निवडलेली पंचायत, त्यांच्यातून तालुक्याची समिती व त्यांवर संस्थानची विधिसभा अशी रचना होती. लहानसहान तंट्यांचा निकाल गावातच लागू लागला. राजाने साधेपणाने राहावे व स्वतःचा खर्च मर्यादित ठेवावा, असे यात अभिप्रेत होते. बाळासाहेबांनी ते मान्य केले. आप्पासाहेब पंत मंत्री म्हणून गावोगाव हिंडले. पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून त्यांनी अनेक देशांत काम केले.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून, बेड्यांवाचून, कुटुंबासह राहून शेती करत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ मधील दो आँखें बारह हाथ या चित्रपटाच्या कथेला या वसाहतीची पार्श्वभूमी आहे.

स्वातंत्र्य चळवळ आणि अखेरची वर्षे

१९४२ च्या आंदोलनानंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे प्रमुख केंद्र होते. जी. डी. बापू लाड व त्यांचे सहकारी याच गावचे. कुंडल औंधच्या हद्दीत असल्यामुळे इंग्रज पोलिसांना तेथे मोकळा हात नव्हता आणि भूमिगतांना त्याचा फायदा झाला. संस्थानची हद्द ही इंग्रजांनीच आखलेली होती. तिचाच आडोसा त्यांच्या विरोधकांना मिळाला.

जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत दक्षिण महाराष्ट्रात अनेक घरे व कारखाने जाळले गेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. चाळीस वर्षांपूर्वी ज्या माळावर बाळासाहेबांनी उद्योगाला जागा दिली होती, तेथील ही हानी त्यांना वयाच्या ऐंशीच्या घरात पाहावी लागली. कारखाना पुन्हा उभा राहिला. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणाबरोबर ग्रामराज्याचा प्रयोगही संपला. तो जेमतेम नऊ वर्षे चालला. त्याच्या यशापयशाचा पूर्ण निवाडा करण्यास ही मुदत अपुरी होती, असे म्हणणे योग्य होईल. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले.

मूल्यमापन

बाळासाहेबांचे संस्थान लहान, विखुरलेले व दुष्काळी होते. त्यांना मोठी धरणे बांधता आली नाहीत की लांबलचक रस्ते करता आले नाहीत. जे जवळ होते, म्हणजे पडीक जमीन, थोडे कर्ज आणि राजाचा शब्द, ते त्यांनी योग्य माणसांच्या हाती दिले. किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही चालू आहे. गावोगाव वीज पोहोचल्यावर कंदिलाची मागणी ओसरली, ओगलेवाडीची भट्टी मंदावत गेली व कारखाना पुढे बंद पडला. गावाचे नाव मात्र राहिले. प्रभाकर कंदील आता जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा संग्रहालयांत पाहायला मिळतो.

पलूस, कुंडल व कराड परिसरातील नव्या घरांना आज मोठ्या सरकत्या खिडक्या व काचेची दारे असतात. ती काच आता कोठूनही येते आणि ती मिळवणे अवघड राहिलेले नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र काचेची एक साधी चिमणी आपल्या मुलुखात तयार होऊ शकते की नाही, हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर देणाऱ्या कारागिरांच्या पाठीशी औंधचा हा राजा उभा होता.